पलटण कप आणि सुलक्षणाताई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉ. चंद्रप्रकाश दळवी, प्रमुख पाहुण्या आणि आपल्या मुलींच्या पहिल्या संघाच्या कर्णधार इरावती सामंत, पलटण कप समितीचे आजीमाजी सभासद, आरेहून, वाकोल्याहून, मुलुंडहून वेळात वेळ काढून आलेले सगळे जुने खेळाडू, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण इथे विक्रोळीत जमलो आहोत त्या आमच्या सुलक्षणाताई खानोलकर. सर्वांना माझा नमस्कार.

मी देवव्रत मेस्त्री. समितीचा सहचिटणीस. मला भाषणाची सवय नाही, शिट्टीची आहे. त्यामुळे मध्येच आवाज चढला तर मागच्या रांगेतल्यांनी दचकू नये.

ताई उद्या सावंतवाडीला जात आहेत, कायमच्या. चिटणीसपदाचा राजीनामा त्यांनी गेल्याच महिन्यात दिला. समितीने मला सांगितलं, देवव्रत, तू कपाचा इतिहासही सांग आणि ताईंबद्दलही बोल. मी म्हटलं, दोन वेगळी भाषणं कशाला? एकातच होतील.

इथे बरीच तरुण मंडळी आहेत, म्हणून मुळापासून सांगतो. आपल्या कपाला पलटण कप का म्हणतात? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घाटकोपर आणि विक्रोळीच्या मधल्या मोकळ्या जागेत लष्कराचा तळ होता. ट्रक, जीपगाड्या, त्यांची दुरुस्ती, असं काम. तिथल्या जवानांनी आपसांत फुटबॉलची स्पर्धा लावली. मद्रासी, गढवाली, आपले मराठे, सगळे खेळायचे, बहुतेक जण अनवाणी. तळावर साठ्याच्या गोदामात एक मराठी कारकून होते. मैदानाला चुन्याच्या रेघा मारायचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. ते म्हणजे अण्णा खानोलकर, ताईंचे वडील.

पहिल्याच वर्षी फायनलच्या आदल्या दिवशी एका तुकडीला हुकूम आला. सामान बांधा, बर्माच्या बाजूला निघायचं आहे. ती तुकडी निघून गेली. दुसरा संघ मैदानावर तयार. अधिकाऱ्यांनी कप पुढे केला, तर त्या संघाचा सुभेदार हात मागे घेऊन उभा राहिला. अण्णा आम्हाला त्याचं वाक्य ऐकवायचे. सुभेदार म्हणाला, "साहेब, ते पळून गेले नाहीत, कामावर गेले आहेत. परत आले की खेळू."

ते परत आले का? अण्णांना कधीच कळलं नाही. लढाई संपली, तळ उठला, आणि सुभेदाराचीही निघायची वेळ आली तेव्हा त्याने कप अण्णांच्या हातात दिला. म्हणाला, "तुमच्या पोरांना खेळवा. फक्त खेळल्याशिवाय कुणाला देऊ नका."

एवढाच आपला नियम. बाकीचे नियम काळाप्रमाणे बदलले. बूट आले, पिवळं कार्ड आलं, मुलींचा गट आला. पण पलटण कपात वॉकओव्हर नाही. सामना पुढे ढकला, दुसरीकडे खेळवा, कितीही उशीर होऊ द्या, पण न खेळता कप नाही.

ऐकायला छान वाटतं ना? आता हा नियम मला कसा लागला ते सांगतो.

शहाण्णव सालची गोष्ट. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या जागी ताई चिटणीस झाल्या होत्या. शाळेत गणित शिकवायच्या, सुती साडी नेसून मैदानावर यायच्या आणि उन्हात उभ्या राहायच्या. काही ज्येष्ठ मंडळींना बाईमाणूस चिटणीस म्हणून पटत नव्हतं. त्यांची नावं घेत नाही, त्यातले दोघे पहिल्या रांगेत बसले आहेत. हसू नका, ते आता ताईंचे पक्के पाठीराखे आहेत.

मी तेव्हा विक्रोळीच्या संघाचा कर्णधार होतो. सेंटर फॉरवर्ड. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, तेव्हापासून ते घरीच. आई वनमाला, सगळे तिला माई म्हणायचे, ती चार घरी पोळ्या करायची. माझी बी.कॉम.ची डिग्री कपाटात होती आणि नोकरी कुठेच नव्हती.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर आमची सेमीफायनल बघायला आले. सामना संपल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आम्हाला एक फॉरवर्ड हवा आहे. विजेत्या संघातला मुलगा असेल तर वर सांगायला मला सोपं जातं. रविवारी कप जिंक आणि सोमवारी ऑफिसला ये. या आठवड्यात भरती बंद होते आहे."

कायमची नोकरी. मी घरी जाऊन माईला सांगितलं, तर ती उठली. आणि माझ्या बुटांना पॉलिश करत बसली. फुटबॉलच्या बुटांना कोणी पॉलिश करतं का?

रविवारी आम्ही मैदानावर हजर. समोर आरेच्या पाड्यांवरचा संघ यायचा होता. त्यांचा कर्णधार धोंडू वरठा आज इथे आला आहे. धोंडू, हात वर कर. हा धोंडू. अजून तसाच आहे, फक्त पोट पुढे आलंय.

वेळ झाली, संघ नाही. प्रेक्षकांत आरडाओरडा सुरू झाला. मग दूध डेअरीतला एक माणूस स्कूटरवरून आला. आरेच्या वळणावर अचानक म्हशी रस्त्यात आल्या, टेम्पो उलटला आणि त्यांच्या गोलकीपरचा पाय मोडला. तो धोंडूचा सख्खा धाकटा भाऊ. आणखी दोघांना लागलं होतं. सगळा संघ हॉस्पिटलात बसला होता.

ऐकून आम्हाला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, थोड्याच वेळात आमच्यातला एक जण म्हणाला, "म्हणजे कप आपला." आणि त्यात वावगं काय होतं? जगात सगळीकडे तसंच होतं. समितीतले बहुतेक सगळे हेच म्हणत होते. पाहुणे आले होते, हार आले होते, लाऊडस्पीकर लागला होता.

एक सभासद ताईंना म्हणाले, "अहो, फायनल आहे. पाहुणे खोळंबलेत."

ताई म्हणाल्या, "पाहुण्यांना चहा द्या."

"आणि कप?"

"कप घरी जाईल. आरेची मुलं उभी राहिली की सामना होईल."

लोक ओरडायला लागले. कोणीतरी चप्पल भिरकावली, ती ताईंच्या पायाशी पडली. ताईंनी ती उचलून बाजूला ठेवली आणि माइकवरून सामना पुढे ढकलल्याचं जाहीर केलं.

मी धावत गेलो. त्यांना नोकरीबद्दल काही ठाऊक असेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. मी म्हणालो, "ताई, या आठवड्यात कप मिळाला नाही तर माझी नोकरी जाईल. तो मॅनेजर समोर बसलाय. तुम्ही फक्त हो म्हणा."

 त्या म्हणाल्या, "नाही म्हणते आहे, देवव्रत."

बस, एवढंच. कारण नाही, समजूत नाही. मी म्हणालो, "तुमच्या नियमाने माझी वाट लागली," आणि निघून आलो. लांबून वळून बघितलं तेव्हा ताई मॅनेजरच्या खुर्चीपाशी उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. मॅनेजर मान हलवत होते. मला वाटलं, पाहुण्यांची माफी मागत असतील.

सोमवारी मी तरीही ऑफिसात गेलो. मॅनेजर चांगला माणूस. पाणी दिलं, म्हणाला, "मी थांबायला तयार आहे रे, पण वरचे थांबत नाहीत." जागा दुसऱ्या कुठल्या स्पर्धेतल्या मुलाला गेली.

त्याच आठवड्यात ताई आमच्या घरी आल्या. चाळीतल्या सगळ्यांनी दारं उघडून बघितलं. माईने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

उंबऱ्याबाहेर उभ्या राहून ताई म्हणाल्या, "माझं चुकलं असं सांगायला मी आलेली नाही, वनमालाबाई. तुमच्या मुलाचं नुकसान झालं, आणि ते माझ्यामुळे झालं. एवढं तोंडावर सांगायला आले आहे."

माई म्हणाली, "सांगून झालं?"

"झालं."

"मग या."

आणि दार लावलं. माझी माई कुणाशी कधी अशी वागली नव्हती. मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्या बाजूने दार लावलं होतं.

फायनल पुढे एका साध्या सकाळी झाली. ना हार, ना पाहुणे. आरेच्या गोलमध्ये त्यांचा बॅकला खेळणारा एक जण उभा होता, कारण गोलकीपर प्लास्टरमध्ये. आम्ही जिंकलो. दोन्ही गोल माझे. धोंडू माझ्याकडे आला, मिठी मारली आणि म्हणाला, "आता घे. आता तुझा आहे." धोंडू, आज सांगतो, मला तेव्हा तुझा फार राग आला होता. मला त्या कपाचं काय करायचं होतं?

त्यानंतर मी मैदान सोडलं. एका कुरिअर कंपनीत लागलो. दिवसभर पार्सलं, संध्याकाळी घर. लोक विचारायचे, खेळत का नाहीस? मी म्हणायचो, गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत होता.

दोन वर्षांनी ताई पुन्हा आल्या. या वेळी कुरिअरच्या ऑफिसात. मी पार्सलांच्या ढिगामागे होतो. म्हणाल्या, "मुलींचा गट सुरू करते आहे. शिकवायला कोणी मिळत नाही. तुझा माझ्यावर राग आहे, ठाऊक आहे मला. राग राहू दे, पण संध्याकाळी ये."

आता अशा माणसाला काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, विचार करतो. आणि दुसऱ्या दिवशी गेलो. मैदानावर सात-आठ मुली होत्या, त्यात दोन वेण्या घातलेली एक किडकिडीत पोरगी बॉलला लाथ मारण्याऐवजी त्याच्यावर चढून बसली होती. ती आज आपल्या प्रमुख पाहुण्या म्हणून व्यासपीठावर आहे. इरावती, तू हसतेस, पण हे खरं आहे.

तेव्हापासून मी इथेच आहे. कुरिअर सुटलं, खेळाच्या सामानाचं दुकान झालं, लग्न झालं. ताई आणि मी जवळजवळ रोज भेटलो. त्या रविवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

काही लोक मला म्हणतात, बघ, शेवटी चांगलंच झालं ना? मैदान मिळालं, इतकी मुलं घडवलीस. मला हे बोलणं आवडत नाही. चांगलं झालं ते नंतर, वेगळं. नुकसान झालं ते झालंच. माझ्या वडिलांना मुलाची कायमची नोकरी बघायची होती. ती न बघता ते गेले. याची भरपाई कशानेही होत नाही, आणि ताईंनीही कधी तसा आव आणला नाही. म्हणूनच मी त्यांच्याबरोबर काम करू शकलो.

गेल्या आठवड्यात त्यांचं सामान बांधायला मी गेलो होतो. दुपारी चहाला बसलो. आता त्या जाणार, म्हणून धीर करून विचारलं. म्हटलं, "ताई, एक विचारतो. माझ्या नोकरीचं तुम्हाला आधीपासून ठाऊक असतं, मी सांगण्याच्या आधी शांतपणे विचार करायला वेळ मिळाला असता, तर वेगळं ठरवलं असतं का?"

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "मला आधीपासून ठाऊक होतं. त्या मॅनेजरना सेमीफायनल बघायला मीच बोलावलं होतं. तुझ्यासाठी."

त्या पुढे सांगू लागल्या.

"त्या दिवशी त्यांच्या खुर्चीपाशी गेले ती त्यासाठीच. म्हटलं, मुलाला घ्या, कप नंतर होईल. त्यांना जमलं नाही."

मी म्हणालो, "मग मला सांगितलं का नाही? घरी आलात तेव्हा तरी? माईने तोंडावर दार लावलं!"

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुला माझे उपकार मानावे लागले असते. मग तुला रागावताही आलं नसतं. आणि राग तर तुझा खरा होता."

 मी खोक्याला दोरी बांधत बसलो. गाठ काही केल्या बसेना, तेव्हा ताईंनीच येऊन दोरीवर बोट धरलं.

घरी आल्यावर माईला सांगितलं. माई आता ऐंशीच्या पुढे आहे, कमी ऐकू येतं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.  ऐकून म्हणाली, "समारंभाला मला ने."

माई आज आली आहे. ती तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. अध्यक्ष महाराज, कार्यक्रमपत्रिकेत ताईंना शाल माझ्या हस्ते देण्याचं ठरलं आहे. आपली परवानगी असेल तर ती माझ्या आईच्या हस्ते द्यावी.

माई, चल. सावकाश. धोंडू, जरा हात दे तिला. पायरी आहे, बघून.

अध्यक्ष महाराजांचे, पाहुण्यांचे, हॉल देणाऱ्या मंडळाचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार मानतो. पहिल्या रांगेतल्या दोघांचे जरा जास्त. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला माझा शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. माई व्यासपीठावर पोचली आहे. ताई उठून उभ्या राहिल्या आहेत. आता मी माइकपासून बाजूला होतो.