पान चौतिसावरची उत्तरं

विनायक : दुधाची खरवड.

सुधन्वा : काका?

विनायक : पान चौतीस. ‘आवडता पदार्थ : दुधाच्या पातेल्याच्या तळाशी लागलेली, किंचित करपलेली खरवड.’ बस, असा उभा राहू नकोस. चष्मा पुसून तीनदा वाचलं मी. वर फोटो माझा, खाली नाव माझं. विनायक गोविंद शेंड्ये, निवृत्त, पटपडगंज, दिल्ली. मला लहानपणापासून दुधाचा वाससुद्धा सोसत नाही, सुधन्वा. चहा मी कोरा पितो.

सुधन्वा : मी तेच सांगायला आलो आहे.

विनायक : मला दूध सोसत नाही, हे?

सुधन्वा : ती उत्तरं तुमची नाहीत, हे.

विनायक : मी दिलीच नाहीत म्हणजे माझी नाहीत, एवढं निवृत्तीनंतरही उमजतं. मला वाटलं, संपादक चंद्रप्रभाबाई, त्यांच्या हातून कागद इकडचे तिकडे झाले. म्हटलं, कुणा खरवड खाणाऱ्याची उत्तरं माझ्या फोटोखाली छापली गेली असतील.

सुधन्वा : त्यांचा दोष नाही. आपल्या मराठी मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुन्या सभासदांच्या घरी जायचं, छापील दहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची, असं ठरलं होतं. तुमचं नाव माझ्या यादीत होतं. मी तुम्हाला काही विचारलंच नाही. मुनिरक्याच्या माझ्या खोलीवर बसून दहाही उत्तरं मीच लिहिली.

विनायक : बसून.

सुधन्वा : हो.

विनायक : एकतीस वर्षं मी सरकारी पाहणीच्या कामात काढली. माणसं घरोघर धाडायची, प्रश्न विचारून उत्तरं आणायची. क्वचित एखादा पठ्ठ्या झाडाखाली बसून सगळे फॉर्म भरून आणायचा. मी पहिल्याच कागदावर पकडायचो. कसा, सांगू? खऱ्या माणसाच्या उत्तरांत एक तरी ‘माहीत नाही’ असतं. बसून भरणारा दहाच्या दहा भरतो.

सुधन्वा : मी दहाच्या दहा भरली.

विनायक : ते दिसलं. पण का? पटपडगंज काही काळ्या पाण्यापलीकडे नाही.

सुधन्वा : आलो होतो. तीनदा. दोन बस बदलून, जिना चढून, या दारापर्यंत. बेलवर बोटही ठेवलं होतं. दाबता आलं नाही.

विनायक : बेल चांगली चालते आमची.

सुधन्वा : बेलचा प्रश्न नव्हता. अनोळखी माणसाच्या घरात शिरायचं आणि विचारायचं, तुम्हाला भीती कशाची वाटते, सर्वांत जुनी आठवण कोणती... मला नाही जमत, काका. ऑफिसात बरं असतं. गुडगावला नव्या काचेच्या इमारतीत बसतो आणि संगणकात दोन आकड्यांत लिहिलेली सालं चार आकड्यांची करतो. सन दोन हजार उजाडायच्या आत सगळी व्हायला हवीत. सालांना काही विचारावं लागत नाही.

विनायक : मग ही उत्तरं आणलीस कुठून?

सुधन्वा : माझी आहेत.

विनायक : तुझी?

सुधन्वा : खरवड मला आवडते. पातेलं घासायला टाकण्याआधी आई मला हाक मारायची. कुलपाची भीती माझी. विहिरीत पडलेल्या पितळी तांब्याची आठवण माझी. मला आजवर असं कोणी काही विचारलं नव्हतं. समोर कागद होता, त्यावर तुमचं नाव होतं. दुसऱ्याच्या नावाखाली खरं लिहिणं सोपं गेलं.

(दारावरची बेल वाजते.)

भानुमती : अच्छा, पाहुणे आहेत का! बसा बसा, मी थांबत नाही. ही वाटी ठेवते, भावजी. बिल्कुल ताजी आहे. आज पातेलं मुद्दाम जरा जास्त लागू दिलं.

विनायक : भानुमतीबाई, अहो, परवाचीच अजून...

भानुमती : संपली ना? मला माहीतच होतं. साखर वेगळी पुडीत आणलीय. आणि हा कोण?

विनायक : सुधन्वा. मंडळाचा. माझी उत्तरं यानेच लिहून घेतली.

भानुमती : तूच का तो! किती सुंदर लिहिलंस रे. पंधरा वर्षं एका जिन्यावर राहतोय आम्ही, पण हे गृहस्थ कधी ‘या, बसा’च्या पुढे गेले नाहीत. आणि तुझ्यापाशी एवढं बोलले! ते भीतीचं तर... काय होतं ते?

सुधन्वा : ‘संध्याकाळी कुलूप उघडून, अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपडण्याची.’

भानुमती : बघा, पाठच आहे याला! सच सांगते, वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, एवढा कडक माणूस, आणि आत असं. आता दिवेलागणीला मी नाहीतर आमची पोरगी पूर्वी, कोणीतरी डोकावतंच. आणि उद्या यांचे मोठे भाऊ येतायत, कळलं ना तुला? पोस्टमनने कार्ड आमच्याकडेच टाकलं होतं. उघडं कार्ड, नजर जाणारच. सव्वीस वर्षांनी! मी बासुंदी करणार आहे. त्यांना दूध चालतं ना, भावजी?

विनायक : त्याला चालतं.

भानुमती : चलो, येते मी. गॅसवर कढई ठेवून आलेय.

सुधन्वा : काका, मी आत्ता खाली जाऊन त्यांना सांगतो.

विनायक : काय सांगशील? की त्यांची वाटी तीन आठवडे जिन्याखालची मांजर चाटते आहे? बाळसं धरलंय तिने. बस.

सुधन्वा : मंडळात सगळ्यांना सांगतो. पुढच्या वार्तापत्रात दुरुस्ती छापायला देतो.

विनायक : खरवडीबद्दल मी तुला माफ करीन. कुलपाबद्दलही... नाही. कुलपाचं अवघड आहे. बायको गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून रोज हे कुलूप मीच उघडतो. मला कधी काही वाटलं नव्हतं. किल्ली फिरवायची, बटण दाबायचं, बातम्या लावायच्या. तुझं पान चौतीस वाचल्यापासून माझा हात भिंतीवर चाचपडायला लागला आहे. बटण जिथे होतं तिथेच आहे.

सुधन्वा : मी असा विचार केला नव्हता.

विनायक : ते असो. नववा प्रश्न वाच.

सुधन्वा : पाठ आहे.

विनायक : मग म्हण.

सुधन्वा : ‘कोणाची क्षमा मागायची राहिली आहे का? थोरल्या भावाची. चारचौघांत बोललो, ते एकांतात परत घेण्याचा धीर झाला नाही.’

विनायक : आता हे कार्ड वाच. मोठ्याने.

सुधन्वा : ‘वाई. चिरंजीव विनायकास अनेक आशीर्वाद. तुझे छापील वाचले. एवढे छापण्याची गरज नव्हती, साधे कार्ड टाकले असतेस तरी मला अजून वाचता येते. सव्वीस वर्षे झाली. साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने निघत आहे. बुधवारी सकाळी निजामुद्दीनला उतरेन. थंडी असेल, स्टेशनवर येऊ नये. दादा.’

विनायक : ‘येऊ नये’ म्हणजे ये. आमच्या घरात सरळ कोणी बोलत नाही. सत्तरी उलटली त्याची. गुडघे गेलेत, असं आमची बहीण लता सांगते. आत्ता या घटकेला तो गाडीत बसलेला आहे. स्मरणिका वाईला गेली कशी?

सुधन्वा : सभासदांच्या नोंदवहीत प्रत्येकाचा कायमचा पत्ता होता. त्या पत्त्यावर एकेक प्रत पाठवायची ठरली. पाकिटं मी लिहिली.

विनायक : हं. तुझा भाऊ किती वर्षांनी मोठा?

सुधन्वा : कोण?

विनायक : तुझा थोरला भाऊ. खरवड तुझी, कुलूप तुझं, तांब्या तुझा. मग भाऊही तुझाच असणार. योगायोग, दुसरं काय. नाहीतर मीही म्हणायला लागलो होतो की या पोराला मनातलं वाचता येतं.

सुधन्वा : मी ही वाटी आत ठेवून येतो.

विनायक : प्रश्न अवघड नाही, सुधन्वा.

सुधन्वा : मला भाऊ नाही. मी एकटाच आहे.

विनायक : मग?

सुधन्वा : तिसऱ्यांदा आलो तेव्हा दुपार होती. आतलं दार उघडं होतं, जाळीचं लावलेलं. तुम्ही कोणाशी तरी बोलत होता. ‘दादा, त्या दिवशी मी जे बोललो’... इथवर यायचात आणि थांबायचात. पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा झालं. पलीकडून कोणीच काही म्हणेना, तेव्हा कळलं की आत दुसरं कोणी नाही.

विनायक : चोरून ऐकलंस.

सुधन्वा : हो. मीही बाहेर उभा राहून तेच करत होतो. ‘नमस्कार, मी मंडळाकडून आलो आहे’, एवढंच वाक्य घोकत होतो. दाराच्या दोन्ही अंगांना एकेक वाक्य अडलेलं होतं. त्याच पावली निघून गेलो. पण जाताना तुमचं वाक्य घेऊन गेलो.

विनायक : आणि छापलंस.

सुधन्वा : मला वाटलं, तुमच्याने जे होत नाही ते आपण... नाही. हेही खोटं आहे. तसलं काही थोर वाटलं नव्हतं. नवव्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. रकाना रिकामा दिसत होता, म्हणून तुमचं उचललं. तिथे ‘माहीत नाही’ लिहायला हवं होतं. आणि पाकिटावर ‘पद्माकर गोविंद शेंड्ये’ लिहिताना मला कळलं होतं, की हेच दादा. ते एक पाकीट बाजूला काढता आलं असतं. मी त्यावर तिकीट चिकटवलं.

विनायक : पाणी दे मला. त्या तांब्यातलं. नको, दुसऱ्या भांड्यात नको, तसंच दे.

सुधन्वा : घ्या.

विनायक : आई गेली तेव्हा मी इथे दिल्लीत. खात्याची परीक्षा चालू होती. तार आली, ती सगळं आटोपल्यावर. तेराव्याला पोहोचलो. पंगत बसली होती, भटजी, गावातली मंडळी, सगळे. मी दारातच म्हणालो, ‘तू मला आईचं तोंड दिसू दिलं नाहीस. तुला थोरला म्हणायची मला लाज वाटते.’ दादा वाढत होता. हातात भाताचं पातेलं. पुढच्या पानावर भात वाढला त्याने आणि पुढे सरकला.

सुधन्वा : काहीच बोलले नाहीत?

विनायक : नाही. नऊ वर्षांनी लताने सांगितलं. आईनेच त्याला शपथ घातली होती. ‘विनूची परीक्षा होऊ दे, तोवर कळवू नकोस.’ त्याला तेव्हा हे सांगता आलं असतं, त्या पंगतीतच. पण मग आईवर गेलं असतं. म्हणून त्याने स्वतःवर घेतलं.

सुधन्वा : म्हणजे हे कळल्यालाही...

विनायक : सतरा वर्षं. सतरा वर्षं मी ते एक वाक्य बांधतो आहे. कधी पत्रात, कधी फोन हातात घेऊन. ते त्याला माझ्या तोंडून ऐकू जायला हवं होतं, समजलं? अडखळत का होईना. तू ते शुद्ध करून, स्वल्पविराम देऊन, करोल बागेतल्या साड्यांच्या जाहिरातीशेजारी छापलंस. माझ्याजवळ दुसरं काही शिल्लक नव्हतं त्याला द्यायला.

सुधन्वा : उद्या सकाळी मी स्टेशनवर येतो. दादांना सांगतो की ते मी लिहिलं.

विनायक : आणि दीड दिवस प्रवास करून उतरलेला तो म्हातारा समोरच्या फलाटावरून परत जाईल.

सुधन्वा : मग नाही सांगत.

विनायक : मग मी काय करू? न मागितलेल्या क्षमेवर त्याच्याबरोबर बासुंदी ओरपू? ओळखतो मी त्याला. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणेल, ‘झालं आता, छापलंस ना, पुन्हा नको तो विषय.’ आणि मी सुटेन. तुझ्या उत्तरावर पास होईन.

सुधन्वा : सुटू नका.

विनायक : काय?

सुधन्वा : त्यांनी नको म्हटलं तरी तुम्ही बोला. मी छापलं ते एका ओळीचं आहे. पंगत त्यात नाही, भाताचं पातेलं नाही, लताताई नाहीत. तुम्हाला सगळं कळलं आहे, हे दादांना अजूनही ठाऊक नसेल. ते माझ्याजवळ नव्हतंच, काका. ते मला चोरता आलं नाही.

विनायक : हा तांब्या घे, ठेव तिकडे.

सुधन्वा : लहान तोंडी मोठा घास घेतला.

विनायक : घेतलास खरा. बेल दाबायचा धीर नसलेला माणूस मला धीर शिकवतो आहे. बरं, सांग. तो ऐकून घेईल?

सुधन्वा : माहीत नाही.

विनायक : आज पहिल्यांदा फॉर्म नीट भरलास. ये, इकडे समोर बस. खुर्ची पुढे घे. तू दादा. मी म्हणून बघतो.

सुधन्वा : बसलो.

विनायक : ‘दादा, त्या दिवशी मी जे बोललो’... छे. तू असा गाईसारखा बघत राहिलास तर नाही जमायचं.

सुधन्वा : खाली बघू?

विनायक : तरी तू आहेसच.

सुधन्वा : मी बाहेर जाऊन उभा राहतो. आतलं दार उघडं ठेवतो, जाळीचं ओढून घेतो. तुम्ही पहिल्यापासून म्हणा.

विनायक : म्हणजे पुन्हा चोरून ऐकणार.

सुधन्वा : या वेळी सांगून.

विनायक : आणि वाक्य पुरं झालं तर?

सुधन्वा : तर मी बेल वाजवीन.