एकतिसाव्या धड्यातली लाल फुली

मंडळी, झांजा जरा खाली ठेवा. आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. जो स्वतः चुकतो तो मोठा अपराधी, की जो बरोबर असणाऱ्याला 'तू चुकलास' म्हणतो तो? — थांबा, घाई नको! आधी ऐका.

कराडकडचे एक भार्गवमास्तर. बुद्धिबळ शिकवण्यात हयात गेली. म्हातारपणी लेकीनं त्यांचे धडे संगणकावर घातले. समोर पट मांडलेला, आपण खेळी करायची — जमली तर हिरवी खूण, चुकली तर लाल फुली! गावोगावची माणसं शिकू लागली.

एक दिवस वेणूताई ढोबळे दारात उभ्या. दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर खेळ शिकत होत्या.

"मास्तर, एकतिसाव्या धड्यात दोन खेळींत मात करायची आहे. मी घोडा हलवला तर फुली आली. पण घोड्यानंही मात होते हो!"

मास्तर भडकले. "बाई, चाळीस वर्षं शिकवतोय! तिथं वजीरच हलवायचा. इतक्या जणांनी धडा केला, कुणी बोललं का?"

अहो, बोलतील कसे? गुरूची चूक दिसली, की आपण डोळे चोळतो — आपलेच!

वेणूताईंनी वाद घातला नाही. धडा बाजूला ठेवला, पटावर तोच डाव मांडला. "तुम्हीच खेळा." मास्तरांनी पट पाहिला... आणि हात गेला, तो थेट घोड्यावर! मात दोन्ही वाटांनी होत होती. धड्यात उत्तर भरताना मास्तरांनी एकच भरलं होतं.

लेक म्हणाली, "बाबा, गुपचूप दुरुस्त करते." दोन मिनिटांत केलंही. पण मास्तरांचं मन मानेना. "ज्यांना फुली दिली, त्यांचं काय?"

संगणकात नोंद होती. वेणूताईंखेरीज घोडा हलवणारे एकोणसाठ जण निघाले! मास्तरांनी एकेकाला फोन लावला. "तुमचं बरोबर होतं. चूक माझी. माफ करा."

अठ्ठावन्न जण हसले, म्हणाले, "अहो मास्तर, त्यात काय!" एकोणसाठावी हेमांगी, कॉलेजातली मुलगी. ती मात्र हसली नाही.

"सर, मी त्याच दिवशी खेळणं सोडलं. वाटलं, आपल्याला डोकंच नाही."

"बाळ, ये ना परत. मी स्वतः शिकवतो."

"नको सर. आता आवडत नाही."

मंडळी, मास्तर रडले. पुढं कुठलाही धडा वेणूताईंनी तपासल्याशिवाय त्यांनी लोकांपुढं ठेवला नाही. पण हेमांगी काही परत आली नाही.

आता मिळालं उत्तर? मग मला सांगा — तुम्ही कुणाला फुली मारलीत? सुनेला? मुलाला? वर्गातल्या एखाद्या पोराला? ते बरोबर होतं, हे नंतर कळलं... आणि आपण गप्प बसलो! खरं ना?

मीही बसलो, मंडळी. माझ्या धाकट्या भावाला मी अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत खोटा ठरवला. तो खरा होता. काल फोन केला, त्यानं उचलला नाही. आज इथून उतरलो की पुन्हा लावणार आहे. तुम्हीही लावा. आता नाम घ्या, आणि घेताना ते माणूस डोळ्यांपुढं आणा.