रंभाजीची उचकी

मंडळी, आधी एक प्रश्न! सोपा आहे. उत्तर चुकलं तरी प्रसाद मिळेल.

उचकी लागली की आपण काय म्हणतो? कुणीतरी आठवण काढतंय! मग एकेकाचं नाव घ्यायचं – बरोबर नाव आलं की उचकी बंद. आता सांगा – सगळ्या गोतावळ्याची नावं घेऊन झाली आणि उचकी चालूच! मग आठवण काढतंय कोण?

मागचे काका म्हणतात, पाणी प्या. काका, पाण्यानं थांबली असती तर आख्यान इथंच संपलं असतं!

तर ऐका. बोरखिंड गाव. भैरोबाची जत्रा, दोन दिवस गावपंगत. आमटीची कढई एवढी, की म्हैस पोहावी! (पोहलेली नाही. पण पोहावी.) आणि रीत अशी, की आमटीचा पहिला द्रोण रंभाजीच्या हातात. तो चाखणार, डोळे मिटणार, आणि मग बोलणार. तोवर पंगत बसायची नाही. एकदा तर त्यानं सख्ख्या सासऱ्याच्या आमटीला ‘पाणचट’ म्हटलं! तेव्हापासून सासुरवाडीत त्याला चहाही पाणचट मिळतो. पण गडी खोटं बोलला नाही. म्हणायचा, “जिभेवर एक न् ओठावर एक ठेवलं, तर घास जायचा कुठून?”

त्या वर्षी आमटीला कोण? सरपंच दौलतआप्पांचा मेहुणा, भिवसेन! रंभाजीनं द्रोण तोंडाला लावला – अरे देवा! आमटी कसली, समुद्र! त्यात आप्पा कानाशी लागले.

“रंभाजीराव, बायकोचा भाऊ आहे हो. मला घरात राहायचंय. झकास म्हणा. उद्याचा मानाचा फेटा तुमचा!”

फेटा! गुलाबी! रंभाजीनं जन्मभर तो दुसऱ्यांच्याच डोक्यावर पाहिलेला. त्यानं डोळे मिटले, घोट गिळला आणि म्हणाला, “झकास!”

आणि – उचक्!

पंगत बसली. कुणी चकार शब्द काढीना! एक पैलवान पाण्याची घागर घेऊनच बसला. म्हातारी धोंडाक्का सुनेला म्हणते, “माझी जीभ गेली गं बाई.” सून म्हणते, “माझीपण.” अख्खं गाव आपापल्या तोंडाला दोष देत उठलं – का? तर रंभाजी म्हणालाय, झकास!

इकडे रंभाजी घरी. घास घेतला – उचक्! आडवा झाला – उचक्! बायको हौसा नावं घ्यायला बसली. आत्या झाल्या, मावश्या झाल्या, वारलेले मामा झाले – वरून काढत असतील! विकलेल्या म्हशीचं नाव घेतलं. उचक्!

“कोण आहे ती?” हौसा कमरेवर हात ठेवून.

“कोण – उचक् – ती?”

“जी एवढी आठवण काढतीय!”

सकाळी हौसाच थंडावली. म्हणाली, “अहो, कालची आमटी खारट होती.”

“झका– उचक्! उचक्!”

“बघा! तो शब्द आला की दुप्पट! सगळ्यांची नावं झाली. एकच राहिलंय.”

“कुणाचं?”

“तुमचं.”

आता स्वतःला कोण हाक मारतं, मंडळी? पण बिचारा उपाशी होता. हळूच म्हणाला, “रंभाजी...” – आणि आतून कुणी ‘ओ’ देतंय का म्हणून थांबला. उचकी गप्प!

तेवढ्यात बोलावणं आलं. देवळापुढं आप्पांनी स्वतः फेटा बांधला, भिवसेननं द्रोण दिला. रंभाजीनं चाखलं. कालचाच समुद्र – वर भरती!

“हं, म्हणा,” आप्पा कुजबुजले.

“झ...” – उचक्!

रंभाजीनं फेटा उतरवला, आप्पांच्या हातात ठेवला. “आप्पा, खारट आहे. कालचीपण होती. मी खोटं बोललो.”

तसा पैलवान उठला. “होतीच! मी म्हटलं, मीच संपलो!” धोंडाक्का नाचायला लागली, “जीभ आहे गं, जीभ आहे!”

आणि भिवसेन? त्यानं कपाळ बडवून घेतलं. “अहो दाजी, मला सर्दी झालीय! चव कळत नाही. काल हे झकास म्हणाले, म्हणून आजपण तेवढंच मीठ घातलं!”

बघा! एक ‘झकास’, आणि दोन कढया खारट!

मग बिनमिठाची डाळ शिजवून घातली, आमटी सावरली. रंभाजी बोडक्या डोक्यानं शेवटच्या पंगतीत बसला. वाटीवर वाटी ओरपली. उचकी नाही! आप्पा त्याच्याशी बोलत नव्हते – पण आमटी दोनदा मागून घेतली.

तर मंडळी, आपल्याला काय पटतं ते आपलं आपल्याला ठाऊक असतं. त्याच्या उलट वागलं, की आतला माणूस आठवण काढत बसतो. म्हणून अन्न गोड लागत नाही, आणि आपण दोष देतो मिठाला! या आठवड्यात तुम्ही कुणाच्या खाऱ्या आमटीला झकास म्हणालात? मला नका सांगू. शेजारी बायको बसलीय, तिलाही नका सांगू – तिला माहीत आहे!

बरं, आता खरं सांगा. आजचं कीर्तन कसं झालं?

झकास? सगळ्यांनाच? वा!

थांबा, थांबा – तिसऱ्या रांगेत उचकी कुणाला लागली?

पाणी नको, काका! त्यांना आधी स्वतःचं नाव घेऊ द्या. मग आपण सगळे मिळून देवाचं घेऊ!