उजव्या स्टीअरिंगच्या मिनी ट्रकची ट्रायल

दिनांक २५ सप्टेंबर २००६, सोमवार, सकाळी साडेदहा. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला जावयांचे घर ज्या टाऊनशिपमध्ये येते, तेथील पोलीस ठाणे.

नाव मालिनी दिगंबर माळवदे. वय ५९. धंदा टेम्पो व लहान ट्रक दुरुस्ती, स्वतःचे गॅरेज. कायमची राहणार मिरज. सध्या मुक्काम मुलगी आश्लेषा व जावई परीक्षित यांचेकडे, मुलीच्या बाळंतपणासाठी, ऑगस्टपासून. मला इंग्रजी वाचता येते पण बोलताना तोंडात फिरत नाही, म्हणून लायब्ररीत नोकरी करणाऱ्या शरयू यांनी माझे बोलणे मराठीत लिहून घेतले आहे आणि त्याच इंग्रजी करून देणार आहेत.

मी स्वतः येथे येऊन सांगते की, शनिवारी दुपारी रस्त्यावर पांढरा मिनी ट्रक मी चालवत होते. तुमच्या कागदावर चालक म्हणून जावयांचे नाव आहे. ते खोटे आहे. ते नाव काढावे, एवढ्यासाठी मी आले आहे. बाकी सगळे विचाराल तसे सांगते.

सदर ट्रक जपानी आहे, १९९२ सालचा, तीन सिलिंडरचा. इंजिन सीटखाली. स्टीअरिंग उजव्या बाजूला, आपल्याकडे असते तसे. जावयांनी तो मागच्या वर्षी इंडियानातल्या डीलरकडून घेतला. डीलरने बजावले होते की हा शेतात, आवारात चालवायचा, रस्त्यावर नाही. त्याला नंबर प्लेट नाही. जावयांचे दोन एकरांचे आवार आहे, त्यात लाकडे, माती, हिवाळ्यात बर्फ वाहायला तो आहे. हे मला माहीत होते. माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही.

परीक्षितराव कॉम्प्युटरमध्ये हुशार आहेत. परंतु इंटरनेटवर वाचून गाडी दुरुस्त करतात, आणि तिथे हजार जण हजार सल्ले देतात. त्यांनी ट्रक दोन इंच उंच केला. मोठे टायर घातले. टपावर चार दिवे लावले. दिवे लावले, आणि ब्रेक मात्र पेडल जमिनीला टेकेपर्यंत लागत नव्हते! मी म्हटले, "अहो, दिसेल चांगलं, पण थांबणार कसं?" ते म्हणाले, "आई, फोरमवर सगळे म्हणतात की दॅट्स नॉर्मल." नॉर्मल म्हणे. फ्यूजच्या झाकणावर सगळे जपानीत लिहिलेले. मला जपानी येत नाही आणि त्यांना ट्रक येत नाही, अशी आमची जोडी.

मुलीला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. डिंकाचे लाडू करून झाले, दुपटी शिवून झाली. दिवसभर मी काय भिंती बघू? म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मी ट्रक हातात घेतला. कार्बोरेटर उतरवून साफ केला, प्लग बदलले, पट्टा बदलला. चारही चाकांचे ब्रेक उघडले. जावयांनी पाइप बदलताना आत हवा धरली होती, तेच दुखणे निघाले.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल मारून दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी पाना फिरवून हवा सोडायची. शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही बसलो. मी चाकाखाली, जावई सीटवर. मी ओरडायचे, "मारा, मारा, मारा, धरा!" ते म्हणायचे, "धरलंय, आई." मिरजेच्या गॅरेजमधल्या कोणत्याही कारागिरावर मी ओरडते तशीच ओरडले. जावयावर असे ओरडतात का, म्हणून आश्लेषा खिडकीतून डोळे वटारत होती. पण खरे सांगते, आठ वर्षांत त्यांच्याशी इतके बोलणे पहिल्यांदाच झाले. एरवी 'चहा घेणार?' आणि 'प्रवास कसा झाला?' यापलीकडे आमची गाडी जात नव्हती. अकरा वाजता पेडल दगडासारखे घट्ट झाले. त्यांनी मला टाळी दिली. मीही दिली.

आमच्या धंद्यात ब्रेकचे काम ट्रायल मारल्याशिवाय संपत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मालक स्वतः गाडी रस्त्यावर काढतो, वेग घेतो, करकचून दाबतो, मगच किल्ली देतो. जावई म्हणाले, "आवारातच बघू या." आवारातला रस्ता सत्तर पावलांचा. सत्तर पावलांत ब्रेक कळतो होय? तेवढ्यात पुण्याच्या टीमचा फोन आला, शनिवार असूनही, आणि ते कानाला लावून आत गेले. किल्ली गाडीलाच होती.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी ट्रक फाटकाबाहेर काढला. मला कोणी काढायला सांगितले नव्हते. इकडे आल्यापासून मी जावयांच्या मोटारीत बसले की घाबरते, कारण ड्रायव्हर भलतीकडे बसतो. पण या ट्रकमध्ये स्टीअरिंग माझ्या बाजूला, गिअर माझ्या डाव्या हाताला. मिरज-सांगली रस्त्यावर एकतीस वर्षे टेम्पो चालवलेला हात तो. त्याने विचारले नाही, गाडी सरळ डाव्या बाजूला घेतली. मला त्यात काही वावगे वाटलेच नाही. उलट अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदाच बरे वाटले.

काटा चाळीसवर होता. तो किलोमीटरचा आहे, मैलाचा नाही, कृपया तसे लिहावे. मक्याच्या शेतापाशी वळण आहे. तिथे समोरून मिस्टर वॉल्टर यांची निळी मोटार आली. हे शेजारी आहेत, वय सत्तरच्या पुढे. ते त्यांच्या उजव्या बाजूला, मी माझ्या डाव्या बाजूला, म्हणजे आम्ही दोघे एकाच बाजूला, नाकासमोर. मी मनात म्हटले, काय माणूस आहे, राँग साइडने येतोय! अशा वेळी आपल्याकडे गाडी डावीकडे खाली उतरवतात. मी उतरवली. इकडे उजवीकडे उतरवतात. त्यांनीही उतरवली. म्हणजे पुन्हा आम्ही समोरासमोर, आता फक्त गवतात.

मी ब्रेक दाबला. लागला. चारही चाके एकदम धरली, ट्रक इकडेतिकडे झाला नाही. दोन गाड्यांत एक वीत अंतर राहिले. ट्रकच्या डाव्या कोपऱ्याने मात्र वॉल्टर यांच्या रस्त्याकडेच्या पत्रपेटीचा खांब आडवा केला. माणसाला काही झाले नाही.

वॉल्टर यांनी तुम्हाला सांगितले की ट्रकमध्ये चालक नव्हता. ते खोटे बोलत नाहीत. चालक असतो त्या डाव्या बाजूच्या सीटकडे त्यांनी पाहिले, ती रिकामी होती. मी दुसऱ्या बाजूने उतरून लगेच ट्रकखाली गेले, पाइप गळतात का बघायला. ती सवय. समोरच्या घरातल्या बाईंनी फोन केला आणि सात-आठ मिनिटांत तुमचे पोलीस आले. तोवर जावई फोनची दोरी गळ्यात तशीच घेऊन पळत आले होते. ते पोलिसांशी बोलले. मी ट्रकखाली होते. मला वाटले, ब्रेक कसे लागले ते सांगत असतील. बाहेर आल्यावर मी सगळ्यांकडे बघून मान हलवली. ती मान म्हणजे 'जावई चालवत होते' याला होकार समजू नये.

काल रविवारी फ्रिजवर चुंबकाखाली कागद दिसला. त्यावर परीक्षित हे नाव आणि कोर्टाची तारीख. मी विचारले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तू गप्प बस ना प्लीज. परीक्षित हँडल करतोय." मग रडायला लागली. तेव्हा मला कळले की त्यांच्या ग्रीन कार्डाचे कागद सहा वर्षे अडकलेत. आता कुठे पुढे सरकायला लागलेत, आणि त्यात धोकादायक चालवल्याचा डाग. जावयांना विचारले, का हो असे केले? ते म्हणाले, "आई, तुम्ही आमच्याकडे आलेल्या. तुम्हाला कसं पुढे करू?" मी म्हटले, गुन्हा माझा आणि सही तुमची, ही कुठली पद्धत? ते ऐकेनात. आज ते मला इकडे आणायलाही तयार नव्हते, म्हणून मी शरयूंच्या गाडीने आले. मागून तेही आले आहेत, बाहेर बसले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर येऊ नये म्हणून होता.

ऑफिसरबाईंनी मला विचारून खात्री केली, की नाव बदलले तर तारखेला मला उभे राहावे लागेल आणि पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते, हे समजले आहे का. समजले आहे. काल मुलगीही तेच सांगून रडत होती, की आई, मग तुला बाळ परत दिसायचं नाही. मी तिला सांगितले तेच इथे लिहावे. मी इकडे येऊ शकले नाही, तर बाळ मिरजेला येईल. पण बाळाला घेऊन येणाऱ्या बापाचे कागद नीट असले तरच ते येईल आणि परतही जाईल. माझ्या कागदांचे काय, मी म्हातारी. त्यांचे बिघडले तर तिघेही अडकतील. यात मी काही मोठेपणा करत नाही, हिशोब सरळ आहे. वाईट वाटते. खूप वाटते. ते वेगळे.

जबाब शरयूंनी मला सावकाश, पहिल्या ओळीपासून ऐकवला. त्यांनी माझ्या काळजीपोटी 'चुकून रस्त्यावर गेले' असे घातले होते, ते मी खोडायला लावले. चुकून गेले नाही, मुद्दाम गेले. चुकली ती बाजू. बाकी शब्द न शब्द माझा आहे. सहीसाठी पेन पुढे केले तेव्हा मी आधी शनिवारचा कागद मागितला. ऑफिसरबाईंनी त्यावरचे परीक्षित हे नाव माझ्यासमोर आडवी रेघ मारून काढले आणि वर माझे लिहिले. स्पेलिंग मी तपासले. मग सही केली.

(सही) मालिनी दिगंबर माळवदे