उत्तरांसकट छापलेला पेपर

बाळापूरहून अकोल्याला निघालेल्या एसटीत मोनाली तोंडाला स्कार्फ बांधून बसली होती. पुढच्याच सीटवर तिच्या जठारपेठेतल्या क्लासचे कुलदीप सर आणि त्यांचा कॉम्प्युटरवाला मित्र जीवन.

"काहून बे जीवन, माह्या पेपर टाइप करायच्या एडिटरात काय घुसवलं तू?"

"गणिताचं इंजिन. ओपन सोर्स हाय, एकदम फुकट. समीकरण टाइप केलं का खाली उत्तर हाजीर!"

"अन् म्या त्याच्यातच उद्याचा पेपर टाइप केला ना!"

"मंग?"

"मंग काय! उत्तरांसकट छापून आला."

"छापाच्या आधी पाह्यला नाही का, मास्तर?"

"तुह्यावर भरोसा ठेवला."

"पुन्हा छाप."

"मालक मले क्लासातून हाकलून देईन."

"मंग असं कर. वर शिक्का मार, 'प्रत्येक उत्तरातली चूक शोधा.'"

"अबे, पण इंजिनाची उत्तरं तं बरोबर हायेत!"

"पोरायले कुठं माईत हाय?"

सर खदखदून हसले. "बसतीन लेकाचे तीन घंटे शोधत!"

मोनालीनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला आणि सर नसलेल्या ग्रुपवर टाइप केलं, "उद्या समद्या प्रश्नायले एकच उत्तर लिहा: चूक नाही."