बसलात का नीट?

पणजोबांनी घोडागाडी हाकली, आजोबांनी मालट्रक आणि वडिलांनी बस. चौथ्या पिढीतल्या वहिनींनी मात्र साठी उलटेपर्यंत चाकाला हात लावला नव्हता. मोटार चालवण्याच्या परीक्षेला आज त्या नणंदेसह रांगेत उभ्या होत्या आणि अख्खी रांग कान टवकारून ऐकत होती.

“मागच्या वेळी नापास का झालीस, आठवतंय ना?”

“आठवतंय, वन्सं. ‘बसलात का नीट?’ असं साहेबांना विचारलं, तर ते बोललेच नाहीत.”

“परीक्षक बोलत नसतात गं!”

“आमच्या घराण्यात उत्तर आल्याशिवाय गाडी हलवत नाहीत.”

“म्हणून दोघं मुक्यानं बसून राहिलात! आज तोंडाला कुलूप घाल.”

“घालते. जन्मभर मागच्या सीटवर बसले, आता पुरे! उद्या तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मीच नेणार. मला कळा सुरू झाल्या, तेव्हा त्याच दवाखान्यात तुम्ही स्कूटरवरून नेलंत. ते ऋण आहे माझ्यावर.”

“वाटभर माझा खांदा पिरगाळलास, तेही आहे! जा, नंबर आला.”

गाडीत तेच परीक्षक होते. वहिनींनी ओठ घट्ट मिटले; पण हात काही किल्लीकडे जाईना. अखेर परीक्षकच खाकरले.

“नीट बसलोय, बाई. चला आता!”

दुसऱ्या दिवशी वहिनींनी दवाखान्याच्या दारात अलगद ब्रेक दाबला.

“वन्सं, खांदा नाही पिरगाळलात माझा?”

“धक्का बसला असता, तर पिरगाळला असता.”

“मग फिटलं?”

“पुरतं फिटलं. आता घरी न्यायलाही तूच ये.”