भिंतीवरचा ताजा हार

आमचा संत्या टायटल मारेल का, विचारताय? त्याचा ठोसा असा, की त्याच्यासमोर पॅड धरताना मी त्याचा कोच असून कचरतो. पण एक घाणेरडी खोड. जिंकला की गळ्यातला झेंडूचा हार आमच्या दिघ्याच्या जिममध्ये आणायचा आणि भिंतीवर हरलेल्या बॉक्सरचा फोटो लावून त्याला घालायचा.

मी ओरडायचो, "अरे, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?"

तो हसायचा. "सर, दहा मोजेपर्यंत उठला कुठे तो?"

टायटलची फाईट ठरली. काल सकाळी आम्ही दोघं जिममध्ये शिरलो, तर भिंतीवर संत्याचाच फोटो, त्याला ताजा हार.

"हा कसला फाजीलपणा?" मी खेकसलो.

संत्या पांढराफटक पडला. "सर, कुलूप तर आत्ता तुम्हीच उघडलंत ना?"